पाचात पाच

माझ्या नाकावर राग असतो, हे मला मान्य आहे. दारोदार फिरून म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासण्याच्या कामात असला स्वभाव चालत नाही, असं मला पहिल्याच आठवड्यात तिघांनी ऐकवलं. मी तिघांनाही उलट ऐकवलं, की राग नसेल तर हे काम होतच नाही. माझं मत आजही तेच आहे.

काम असं होतं. आष्टी तालुक्यातली काही गावं धरायची आणि साठीच्या वरच्या प्रत्येक माणसाला त्याच्या घरी जाऊन भेटायचं. माणसाला हळूहळू विसरायला लावणारे, हात कापायला लावणारे, चाल अडखळवणारे मेंदूचे आजार किती जणांना आहेत आणि ते लवकर कसे ओळखता येतील, याची ही पाहणी. दवाखान्यात येणारे पेशंट मोजून याचा पत्ता लागत नाही, कारण या त्रासासाठी गावातलं माणूस दवाखान्याची पायरी चढतच नाही. वय झालं, म्हणतात आणि खाट पडवीत सरकवतात. म्हणून आम्हीच पडवीपर्यंत जायचो.

मी मूळची पुलगावची. कामासाठी तळेगावात खोली केली होती आणि शनिवारी दुपारची गाडी पकडून आर्वीवरून घरी यायची. घरी आई आणि बाबा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. मी सातवीपर्यंत त्यांच्याच शाळेत शिकले, म्हणजे सात वर्षं मला शाळेतही बाप आणि घरीही बाप.

त्यांची कडक शिस्त अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होती. परीक्षेच्या आधी व्हरांड्यात रांग लावून ते प्रत्येकाची झडती घ्यायचे. खिसे, बाही, कंपासपेटी, काहीच सुटायचं नाही. सहावीत भूगोलाच्या पेपराला माझ्या कंपासपेटीत नद्यांच्या नावांची चिठ्ठी निघाली. बाबांनी सगळ्या वर्गासमोर ती वर धरली आणि मला शून्य दिलं. नापास झालेल्या पेपरावर पालकाची सही आणायची, असा शाळेचा नियम. मी घरी रडत बसले होते, तर हे संध्याकाळी कपडे बदलून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आण तो पेपर. पालकाची सही करतो." केली सही. वर मास्तरांची, खाली पालकाची, दोन्ही एकाच वळणाच्या. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

तर हे बाबा.

पाहणीच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आम्हाला पंधरा दिवस शिकवलं. सगळ्यात महत्त्वाची होती पाच शब्दांची चाचणी. माणसाला पाच साधे शब्द सांगायचे, त्याच्याकडून म्हणून घ्यायचे, मग पाच मिनिटं भलतंच काही विचारायचं आणि शेवटी म्हणायचं, आता ते शब्द सांगा. आमचे शब्द होते पेरू, कंदील, विहीर, घोंगडी, हिरवा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण जी माणसं आपल्याशी तासभर मजेत गप्पा मारतात, संत्र्याच्या बहाराचं सगळं गणित सांगतात, तीही पाच मिनिटांनी हवेत बोटं फिरवत बसतात.

डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. पहिली, शब्दांची यादी घरी न्यायची नाही, कारण एकदा पाठ झाली की चाचणी त्या माणसापुरती मेली. दुसरी, पेशंटला विचाराच, पण त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाला वेगळं बसवून विचारा. या माणसासाठीही वीस-बावीस प्रश्नांचा कागद होता. पूर्वीपेक्षा आता काय बदललं, एवढंच त्यात विचारायचं.

दुसरा नियम मी डोक्यावर घेऊन नाचले. पहिला त्याच शनिवारी मोडला. सराव तर करायला हवा ना, आणि माझ्या बाबांच्या पाठांतरासारखं पाठांतर कोणाचं होतं?

दुसऱ्या नियमाचं मात्र ऐका. तळेगावात एका बागवाल्याकडे गेले. पडवीत म्हातारी, शेजारी तिचा मुलगा, दारामागे सून. मी म्हातारीला प्रश्न विचारला की उत्तर मुलगा द्यायचा.

"माह्या मायले काई नाई झालं, मॅडम. एकदम टणाटण हाय."

"झोप लागते का, आजी?"

"मस्त झोपते."

"मी आजींना विचारलं, दादा."

"थे काय सांगन? थकली हाय, बस. तुमी लिहा, मी सांगून राह्यलो ना."

माझं डोकं फिरलं. मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हटलं, "दादा, बागेत एक चक्कर मारून या. मोठी चक्कर मारा." तो पाय आपटत गेला. मग सून दाराबाहेर आली, खाली बसली आणि माझ्या कानाशी बोलायला लागली.

"सहा महिने झाले, ताई. लुगड्याच्या निऱ्या माह्याच हातानं होतात. अन् उजव्या हाताकडे पाहा. मांडीखाली दाबून बसल्या हायेत. हालू नाई म्हनून."

मी पाहिलं. खरंच, म्हातारी उजवा हात मांडीखाली घेऊन बसली होती. सहा महिने ती असं बसत होती आणि पोटच्या पोराला दिसलं नव्हतं. तो कंपवाताचा सुरुवातीचा काळ निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि हात बराच शांत झाला.

तेव्हापासून मी नव्या पोरींना शिकवताना ठासून सांगायची, घरात ताट कोण वाढतं ते आधी विचारा आणि त्याच माणसाकडून उत्तरं घ्या. मुलगा पुण्याला असो की पडवीत, तो फक्त अभिमान सांगतो. मुलांना मी अगदी तोंडावर बोलायची. त्यातले दोघं तर माझी तक्रार घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले होते. गेले तर गेले.

आणि इकडे पुलगावात दर रविवारी दुपारी चहा झाला की माझी घरगुती परीक्षा चालायची. आधी सराव म्हणून सुरू झाली, मग गंमत म्हणून, मग बाबांनाच तिची सवय लागली. मी पाच शब्द सांगायची. मधल्या पाच मिनिटांत आठवड्याचे वार उलटे म्हणून घ्यायची. बाबा आतून चष्मा घेऊन यायचे, काचा पुसायचे, डोळ्यांवर चढवायचे आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं खणखणीत म्हणायचे, "पेरू, कंदील, विहीर, घोंगडी, हिरवा. मार्क सांग."

"पाचात पाच, बाबा."

"मग! मास्तर कोन आहे?"

मी तळेगावला येऊन सगळ्यांना फुशारकी मारायची, माझे बाबा सत्तरी ओलांडून गेले, पाचात पाच. शिवाय विहारात दर रविवारी सकाळी वंदना तेच सांगायचे. पालीतली ती सगळी वंदना, एकही शब्द न चुकता. आता अशा माणसाबद्दल शंका घ्यायची कशी?

आईनं घेतली. एका शनिवारी मी पिशवी खाली ठेवते न ठेवते, तर ती सुपात तूर निवडता निवडता म्हणाली, "तुह्या बाबाचं काही तरी बिनसलं, बाई. गाडी विहाराजवळ ठेवली अन् पायी आले परत. हे दुसऱ्यांदा."

"अगं, मीही विसरते गाडी कुठे लावली ते."

"तू गाडी कुठं लावली थे विसरतेस. हे गाडी नेली होती थेच विसरले."

हे वाक्य मला कुठल्या बागवाल्याच्या सुनेनं सांगितलं असतं तर मी पेन काढलं असतं. आईनं सांगितलं म्हणून काय केलं? म्हटलं, "आई, पाचात पाच येतात त्यांना. मी यातलं ट्रेनिंग घेतलेलं आहे, तू नाही." वर हसलेसुद्धा. आई पुन्हा तूर निवडायला लागली. त्यानंतर तिनं तो विषय माझ्यासमोर काढला नाही. मला वाटलं, तिला पटलं.

ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन वर्षांनी पाहणीची दुसरी फेरी निघाली. तीच गावं, तीच घरं, पण शब्द नवे, कारण जुने कोणाच्या लक्षात राहिले असतील तर हिशेब चुकेल म्हणून. नव्या याद्या गावात बंद लखोट्यातून आल्या. बागवाल्याकडे गेले तर म्हातारीनं मला स्वतःच्या हातानं संत्रं सोलून दिलं. फोडी जरा चेंबल्या, पण दिल्या तिनंच. मुलगा मला पाहून आपणच बागेकडे निघून गेला. सून खळखळून हसली आणि मग तिनं सहज विचारलं, "ताई, तुमचे आईबाबा बरे हायेत ना? त्यांची केली का नाई तपासनी?"

"केली तर. बाबांना पाचात पाच असतात."

"अन् आईनं काय सांगितलं?"

मी हातातली फोड खाली ठेवली. आईनं काय सांगितलं? मी या बाईला दोन वर्षांपूर्वी याच पडवीत बसवून जे विचारलं, ते माझ्या आईला कधी विचारलंच नव्हतं. मुलीनंच सगळी उत्तरं दिली होती. टणाटण आहेत, मॅडम. तुम्ही लिहा, मी सांगतेय ना.

त्या शनिवारी आर्वीच्या स्टँडवर पुलगावची गाडी अर्धा तास उशिरा लागली आणि मी उगाचच कंडक्टरशी भांडले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

घरी पोचले तेव्हा बाबा बाहेर पेपर समोर धरून बसले होते. मी सरळ स्वयंपाकघरात गेले, आईसमोर मांडी घातली आणि पिशवीतून तो वीस-बावीस प्रश्नांचा कागद काढला.

आईनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आज माहा नंबर लागला का?"

"हो. खरं खरं सांग."

"मी खोटं कधी सांगितलं वं?"

मी एकेक प्रश्न विचारत गेले. पूर्वीसारखा पेपर वाचतात का? "समोर धरतात. पान उलटत नाई. आता बाहेर जाऊन पाय, पहिलंच पान असन." ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का? "स्टेशनावरून दूधवाल्यानं आनून सोडलं. मी त्याले सांगितलं, कोनाले बोलू नको." एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात? "तू कधी येनार, थे शुक्रवारी रात्रीपर्यंत धा-बारा वेळा होते." बोलताना शब्द अडतो? "मागच्या जयंतीले भाषण करता करता थांबले. लोकाईले वाटलं, गहिवरून आलं. मी बायकांत समोरच बसली होती, पुढचं वाक्य खालून हळूच सांगितलं. मले त्यांचं भाषण पाठ आहे ना, इतक्या वर्षांचं."

एका प्रश्नालाही तिला विचार करावा लागला नाही. दोन वर्षं ती ही उत्तरं घेऊन बसली होती, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तू मले मार्क सांगितले."

मला रडू आलं. आईवरच्या नाही, स्वतःवरच्याच रागानं आलं. आईनं तूर निवडायचं सूप बाजूला ठेवलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "रडून काय होते? लिही पुढचं."

डॉक्टरबाईंना फोन करून मी सगळं सांगितलं, यादी घरी नेली होती तेही. वाटलं, आता नोकरी जाणार. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं घालवलीस. पण अजून वेळ आहे. घेऊन ये त्यांना." चांगलं रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे काय झालं ते आताच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. आजार आहे. सुरुवातीचा आहे. बरा होत नाही, हे मला ठाऊक आहे आणि आता बाबांनाही. पण औषधं चालू आहेत, रक्तात जी कमतरता होती ती भरून काढली, कानाला यंत्र लावलं, गाडी विकली. बाबा रोज सकाळी आईबरोबर विहारापर्यंत पायी जातात आणि वंदना अजून तेच सांगतात. घरातली कागदपत्रं, सह्या, कोणाला काय द्यायचं, हे सगळं त्यांनी शुद्धीत, स्वतः ठरवून टाकलं. त्यासाठी लवकर कळावं लागतं. लोक मला गावात विचारतात, आजार जातच नाही तर लवकर कळून फायदा काय? त्यांना मी हेच सांगते: स्वतःच्या घराचं स्वतः ठरवता आलं, हा फायदा थोडा आहे का? आणि हे मी छाती ठोकून सांगते, कारण मी ते पाहिलेलं आहे.

पण तपासणीचा तो दिवस सांगायचा राहिला.

आदल्या दिवशी मी बाबांना सांगितलं, "उद्या डॉक्टरबाई तुम्हाला पाच शब्द विचारतील."

"आपलेच का?"

"नाही. दुसरे."

बाबांनी चष्मा काढून काचा पुसल्या. मग म्हणाले, "बरं."

सकाळी त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. निवृत्त होईपर्यंत परीक्षेच्या दिवशी घालायचे तसा. आई शेजारी बसली, मी दाराजवळ उभी राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुरुजी, आरामात बसा. सुरू करू या?"

"एक मिनिट." बाबांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. चष्मा डोळ्यांवरच होता. डबी उघडली, आतलं मखमली कापड उचललं आणि त्याखालची घडी केलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. दुरेघी वहीचा कागद होता. फळ्यावर लिहावं तशा सरळ अक्षरात एकाखाली एक पाच शब्द. पेरू. कंदील. विहीर. घोंगडी. हिरवा. घडीवर कागद फाटायला आला होता.

"पेपराच्या आधी झडती व्हायले पाहिजे, मॅडम," बाबा म्हणाले. "माही मीच देतो."

मला दर रविवारचं ते उठून आत जाणं आठवलं, काचा पुसणं आठवलं. म्हणजे त्यांना कळलं होतं. आईच्याही आधी कळलं होतं, आणि माझ्यासमोर नापास व्हायची त्यांना इतकी धास्ती होती, की आयुष्यभर पोरांच्या कंपासपेट्या तपासणारा माणूस दर आठवड्याला कॉपी करत होता.

"ही पोरगी सहावीत होती," बाबांनी माझ्याकडे न पाहता डॉक्टरबाईंना सांगितलं, "हिच्या पेटीत चिठ्ठी सापडली. मी शून्य दिलं. माहे मागचे सगळे मार्क काटून टाका."

"मागचे पेपर रद्द, गुरुजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपण आजचा सोडवू."

त्यांनी नवे शब्द सांगितले. टोपली, चिंच, पायरी, हातोडा, निळा. बाबांनी म्हणून दाखवले. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं, घड्याळाचं चित्र काढून झालं, वार उलटे झाले. डबी टेबलावर उघडीच पडली होती. बाबांनी एकदाही तिकडे हात नेला नाही.

"आता ते शब्द सांगा, गुरुजी."

"चिंच," बाबा लगेच म्हणाले. मग कपाळावर आठ्या आल्या. आईचे ओठ हलले, आणि डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिल्याबरोबर तिनं ते पदरानं झाकून घेतले. मिनिटभर गेलं असेल. "पायरी," बाबा म्हणाले. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाले, "बस. एवढेच आहेत."

डॉक्टरबाईंनी कागदावर दोन लिहिलं. तो कागद खाली नातेवाइकाच्या सहीसाठी असतो, मी असे कितीतरी भरून घेतले आहेत. बाबांनी तो आपल्याकडे ओढला, आकडा नीट पाहिला, आणि डॉक्टरबाईंचं पेन उचलून कागदासकट माझ्यापुढे केलं.

"घे," ते म्हणाले. "पालकाची सही कर."

मी केली.